सोबतची व्यक्ती

माझी बायको माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. मुलगी कॉमर्स शिकलेली आहे, स्वयंपाक येतो, भजनाला आवाज बरा आहे, एवढंच सासऱ्यांनी सांगितलं होतं. ते नांदेडला शाळामास्तर होते आणि खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. बहुधा त्यांनाही माहीत नसावं. लग्नानंतर तिनं सी.ए. व्हायचं मनावर घेतलं तेव्हा मीच मोठ्या हौसेनं तिला शिकवायला बसलो. मी स्वतः चार खेपा करून पास झालेला माणूस. उमेदवारीची वर्षं संपवून ती परीक्षेला बसली आणि पहिल्याच खेपेला पास झाली. त्या दिवशी मी गल्लीभर पेढे वाटले आणि घरी येऊन जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादपासून वेगळं निघून स्वतःचा जिल्हा झालं होतं. त्या दिवसांत गावातल्या पेंटरांना मरायला फुरसत नव्हती. ज्याच्या त्याच्या पाटीवर 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' घालायचं होतं, आणि ज्यांच्या पाटीवर आधी जिल्हा नव्हताच त्यांनीही तो घालून घेतला. नवी ऑफिसं आली, नव्या बँका आल्या, सोसायट्या आणि ट्रस्ट निघाले, आणि या सगळ्यांना हिशोब तपासून सही करणारा माणूस लागत होता. माझे वडील उदगीरला आडतीच्या दुकानात गादीवर बसायचे. मी लातुरात घराच्याच पुढच्या खोलीत, स्वतःच्या ऑफिसात खुर्चीवर बसलो. बाहेर बोर्ड माझ्या नावाचा. आत टेबलं दोन, एक माझं आणि एक तिचं. काम दोघांचं आणि सही माझी. लोक दारात येऊन मला नमस्कार करायचे आणि विचारायचे, "बाई हायत का?"

तिनं भागीदारीचा मसुदा तयार करून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. दोघांच्या नावाची फर्म, दोघांच्या सह्या. मी तो वाचला, पेन उघडलं, पेन बंद केलं आणि ड्रॉवरही बंद केला. तिनं दोन-तीनदा विचारलं. मी दरवेळी म्हणायचो, सीझन संपू दे. आमच्या धंद्यात सीझन कधीच संपत नाही, हे तिला माहीत होतं.

मग दुष्काळ पडला. लातुरात पाणी यायचं त्या दिवशी ऑफिसं, दुकानं, शाळा सगळं अर्धवट सोडून माणसं घराकडं पळायची. घरात जे जे भांडं म्हणून होतं ते भरून ठेवायचं, अगदी कुकरचे डबेसुद्धा. चाकूर तालुक्यात एका ट्रस्टनं गावोगाव टँकर लावले होते आणि त्यांचं ऑडिट माझ्याकडं होतं. मी तिकडून वैतागून परत आलो आणि जेवता जेवता म्हणालो, "गव्हाची पोती असती तर गोदामात जाऊन मोजली असती. पिऊन झालेलं पाणी मी कसं तपासू?"

ती वाढता वाढता थांबली. हातातला डाव तसाच. पुढच्या खेपेला ती माझ्याबरोबर चाकूरला आली. मी सरपंचाच्या ओसरीवर ड्रायव्हरच्या सह्या बघत बसलो आणि ती घरोघर हिंडली. कोणाकडं किती घागरी आल्या, कधी आल्या, कोणाच्या दारापर्यंत टँकर पोचलाच नाही, हे विचारत राहिली. त्यावरून तिनं एक पद्धत बसवली: देणाऱ्याकडून नव्हे, पिणाऱ्याकडून हिशोब लावायचा. मग त्यावर एक निबंध लिहिला आणि दिल्लीला पाठवला. तिथं जगभरच्या हिशोबनिसांची मोठी परिषद भरणार होती आणि निबंध मागवलेत असं आमच्या व्यवसायाच्या मासिकात आलं होतं. मला विचारलं तेव्हा मी "पाठव की" म्हणालो. लातूरच्या बाईचा टँकरवरचा निबंध कोण निवडतंय, असं माझ्या मनात होतं.

निवडला. परिषदेत उभं राहून वाचायला बोलावलं. पत्रात फक्त तिचं नाव होतं.

मी तिचं अभिनंदन केलं. रीतसर केलं, शेजाऱ्यांसमोर केलं. पण आत जे व्हायचं ते होतच होतं. त्या निबंधाच्या पहिल्याच ओळीत माझं वाक्य होतं. पिऊन झालेलं पाणी कसं तपासायचं? ते वाक्य मी बोललो होतो, माझ्या ताटावर, माझ्या तोंडानं. आता ते इंग्रजीत जाऊन बसलं होतं आणि खाली तिचं नाव होतं. हे मी तिला सांगू शकत नव्हतो, कारण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग लिहायचं होतंत. आजही, इतक्या वर्षांनी, ते वाक्य आठवलं की मला वाटतं ते माझं आहे. आणि ते आहेच माझं.

ती म्हणाली, तुम्हीही प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवा, दोघं जाऊ. मी म्हणालो, मला काम आहे, तुझ्यासारखं निबंध लिहीत बसायला वेळ नाही. असं म्हणत दीड-दोन महिने घालवले. शेवटी तिनं तिच्या भावाला विचारलं की तू येतोस का दिल्लीला. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोबरोबर मेहुणा जाणार आणि मी लातुरात टँकरची वाट बघत बसणार. मी दिल्लीला ट्रंक कॉल लावला. नोंदणी बंद झाली होती. पलीकडच्या बाईनं गोड आवाजात सांगितलं की वक्त्यांना एक माणूस सोबत आणता येतो, तेवढी एक जागा आहे. मी म्हणालो, लिहा.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं ड्रॉवर उघडून मसुदा वर काढून ठेवला. "दिल्लीहून येईपर्यंत ठरवा," ती म्हणाली. "नाहीतर मी माझा वेगळा बोर्ड लावते." आवाज चढवला नाही. ती आवाज कधीच चढवत नाही, हाही माझा तिच्यावर एक राग आहे.

लातूरहून एस.टी.नं नांदेड, नांदेडहून गाडीनं मनमाड आणि तिथून दिल्ली, असा आमचा बेत होता. नांदेडला एक मुक्काम सासरी. तिथं पोचलो तर गल्लीच सजलेली. सासऱ्यांच्या शाळेतले मास्तर, शेजारीपाजारी, गल्लीतल्या बायका, सगळ्यांनी मिळून संध्याकाळी तिचा सत्कार ठरवला होता. शाल होती, नारळ होता, गावातल्या वर्तमानपत्राचा माणूस फोटोग्राफरला घेऊन येणार होता. नांदेडला गोदावरी आहे. तिथं दुष्काळातही माणसं अंगणात सडा घालत होती आणि माझ्या सासऱ्यांनी जावयाच्या पायावर तांब्याभर पाणी ओतलं. त्या पाण्याचासुद्धा मला राग आला. लातुरात मी तेवढ्यात दाढी, अंघोळ दोन्ही केलं असतं.

ती आत मावशांच्या गराड्यात होती. मी सासऱ्यांना ओसरीवर बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की आमच्या व्यवसायात जाहिरातीला बंदी आहे. हे खरंच आहे. सी.ए.नं स्वतःची जाहिरात करायची नाही, गिऱ्हाईक मागत फिरायचं नाही, बोर्डसुद्धा फार मोठा लावायचा नाही. पण गल्लीनं आपल्या लेकीला शाल दिली तर त्याला कोणतीही आचारसंहिता आडवी येत नाही, हेही मला माहीत होतं. ते मी सांगितलं नाही. मी सांगितलं की पेपरात फोटो आला आणि कोणी दिल्लीला सी.ए. लोकांच्या मुख्य संस्थेकडं तक्रार केली तर हिचं सभासदत्व जाईल. परिषदेच्या तोंडावर कशाला जोखीम घ्यायची?

मास्तर माणूस नियम म्हटलं की घाबरतो. त्यांचा चेहरा उतरला. "बरं झालं जावईबापू, तुम्ही सांगितलं," ते म्हणाले. "आम्हाला काय कळतंय यातलं." त्यांनी घरोघर जाऊन कार्यक्रम रद्द केला आणि मुलीला सांगितलं की सत्काराला बोलावलेले प्रमुख पाहुणे आजारी पडले. संध्याकाळी शाल कपाटात गेली. नारळ फोडून त्याची चटणी झाली. मी दोनदा मागून घेतली आणि मला फार दिवसांनी चांगली भूक लागली होती.

दिल्लीला दुपारी पोचलो. हॉटेल वक्त्यांसाठी ठरवलेलं, म्हणजे तिच्यासाठी. खोलीत शिरल्या शिरल्या मी न्हाणीघरात गेलो, नळ फिरवला आणि पाणी आलं. भरपूर, जोरात, गरम हवं तर गरम. माझा हात आपोआप टबाच्या बुचाकडं गेला. टब भरला. तोवर तिनं बाहेर पाण्याचा जग, दोन ग्लास, आमचा थर्मास आणि कपडे धुवायची बादली भरून ओळीनं मांडली होती. नळ आला की भरून घ्यायचं, उद्याचं कोणी सांगितलंय? मग आम्ही दोघं तो काठोकाठ भरलेला टब बघत उभे राहिलो. बूच काढायचा धीर दोघांनाही झाला नाही. त्यातूनच मगानं पाणी घेऊन, बाहेर फरशीवर बसून अंघोळी केल्या. दुसऱ्या दिवशी खोली झाडणाऱ्या माणसानं टब रिकामा केलेला दिसला तेव्हा ती हळहळली आणि मी तो पुन्हा भरला.

त्या प्रवासात एवढा एकच वेळ असा होता की मला तिचा राग आला नाही.

सकाळी परिषदेच्या दारात बिल्ले वाटत होते. तिच्या बिल्ल्याला लाल फीत, त्यावर सोनेरी अक्षरात वक्ता. माझ्या बिल्ल्याला गुलाबी फीत. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, सोबतची व्यक्ती. खाली कंसात तिचं नाव, म्हणजे कोणाच्या सोबतची ते कळावं. मी म्हणालो की मी सी.ए. आहे, माझा सभासद क्रमांक हा. टेबलामागच्या बाई हसून म्हणाल्या की छान, बस डावीकडच्या दारातून सुटते.

सोबतच्या व्यक्तींसाठी वेगळा कार्यक्रम होता. पहिला दिवस कुतुबमिनार आणि गालिचे. दुसरा दिवस साड्या कशा नेसायच्या आणि फुलं कशी मांडायची. बसमध्ये पाच-पन्नास बायका होत्या, जपानपासून इंग्लंडपर्यंतच्या, आणि पुरुष मी एक. सगळ्या माझ्याशी फार चांगल्या वागल्या. प्रत्येकीनं विचारलं, तुमच्या मिसेस कशावर बोलणार आहेत? मी पाण्यावर म्हणायचो. त्या वा म्हणायच्या. मी काय करतो हे कोणीही विचारलं नाही. आमच्याकडं लातुरात पाहुण्यांच्या बायकोला आम्ही कधी विचारतो, तू काय करतेस? नाही विचारत. पण मला विचारायला हवं होतं. मी सी.ए. होतो.

माझ्याशेजारी एक पिकल्या केसांची इंग्रज बाई बसली होती. तिचा नवरा लंडनच्या कुठल्या मोठ्या फर्ममध्ये होता आणि ती त्याच्या मागं अशा परिषदांना देशोदेशी हिंडली होती. तिनं माझ्या पायांकडं बघितलं. मी लग्नातले बूट घालून आलो होतो.

"सवय होते," ती म्हणाली. "फक्त बूट सैल घालावेत."

माझ्या बायकोचा निबंध दुसऱ्या दिवशी दुपारी होता. साडीचं प्रात्यक्षिक अर्धवट टाकून मी मुख्य सभागृहाकडं आलो. दारावरच्या रखवालदारानं गुलाबी फीत बघितली आणि हात आडवा केला. मी पुन्हा सभासद क्रमांक सांगितला. त्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. आत जाणारे लोक माझ्याकडं बघत होते आणि मी, ज्यानं या धंद्यातलं तिला सगळं शिकवलं, तो दारात उभा होता. तेवढ्यात ती आतून आली. निळी इरकल नेसली होती, हातात कागद. रखवालदाराला म्हणाली, "ही इज विथ मी." त्यानं सलाम ठोकून दार उघडलं. मी आत गेलो, पण ते चार शब्द मला अजून पचलेले नाहीत.

सभागृह एवढं मोठं होतं की आमचं अख्खं मार्केट यार्ड त्यात बसलं असतं. मला शेवटच्या रांगेत जागा मिळाली. मागं काचेच्या खोलीत बसून दुभाषे फ्रेंच आणि कुठल्या कुठल्या भाषांत बोलत होते. तिच्या आधी जे बोलले ते सगळे चष्मेवाले पुरुष, आणि लोक पेंगत होते. मला बरं वाटत होतं. ती उभी राहिली. मला वाटलं घाबरेल. मनापासून वाटलं, खोटं कशाला बोलू, इच्छाच होती.

ती घाबरली नाही. तिनं सुरुवातच हॉटेलच्या टबापासून केली. परवा आमच्या खोलीत नळाला पाणी आलं आणि माझ्या नवऱ्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर तो टब भरून ठेवला, असं सांगितलं. सभागृह हसलं. पेंगणारे जागे झाले. मागं दुभाष्यांनी फ्रेंचमधून माझा टब भरला आणि ज्यांना इंग्रजी कळत नव्हतं ते जरा उशिरा हसले. बादली, जग, ग्लास आणि थर्मास कोणी भरला, ते तिनं सांगितलं नाही. पुढं ती म्हणाली की ज्या गावात नळ हा भरवशाचा नाही, तिथं पाण्याचा हिशोब कागदावर नसतो, घरातल्या भांड्यांत असतो. मग चाकूरचं सगळं सांगितलं. ती वीसेक मिनिटं बोलली असेल. कोणी खोकलंही नाही.

शेवटी मुंबईचे एक बडे सी.ए. उठले आणि त्यांनी विचारलं की हा प्रश्न मुळात तुम्हाला कसा सुचला.

"मला नाही सुचला," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं विचारला. तेही सी.ए. आहेत. मागं बसलेत."

सगळं सभागृह मागं वळलं. मला उभं राहावं लागलं. गुलाबी फीत खिशात कोंबायला मी विसरलो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी वाजल्या त्याहून कमी, पण वाजवल्या. माझं वाक्य मला परत मिळालं होतं, जगातल्या सगळ्या देशांच्या साक्षीनं. आणि मी उभा राहून हात जोडत होतो आणि मनात नुसता जळत होतो. तिनं ते चोरलं असतं तर मला निदान हक्कानं रागावता आलं असतं. तिनं ते मला दिलं. माझंच मला दिलं, आणि इतक्या सहज दिलं, जसं काही तिच्याकडं अशी पुष्कळ होती.

चहाच्या वेळी तिच्याभोवती गर्दी होती. मला म्हणाली, बरं वाटलं ना? मी म्हणालो, टबाचं सांगायला नको होतं.

परतीच्या वाटेवर मात्र मनमाडच्या फलाटावर गाडीची वाट बघत असताना माझं मन जरा निवलं होतं. मी ठरवलं होतं की घरी गेल्यावर मसुद्यावर सही करायची. त्यामागं मोठेपणा नव्हता. चहाच्या वेळी मुंबईची बडी माणसं तिला कार्डं देऊन गेली होती, ते मी बघितलं होतं. फर्ममध्ये दोघांची नावं असली तर निदान माझं नाव पहिलं राहील, असा माझा हिशोब होता.

नांदेडला सासऱ्यांकडं दुपारचं जेवायला थांबलो. ती भरभरून सांगत होती आणि मास्तर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरले आणि कपाटातली शाल काढून त्यांनी घरातल्या घरातच तिच्या खांद्यावर घातली.

"त्या दिवशी गल्लीसमोर घालायची होती," ते म्हणाले. "पण जावईबापूंनी वेळेवर सावध केलं. नाहीतर तुझं सभासदत्व गेलं असतं म्हणे, पेपरात फोटो आला असता तर."

मी भाताकडं बघत राहिलो. तिला नियम माझ्यापेक्षा चांगले पाठ होते. एक शब्द ती म्हणाली असती तर मास्तरांना जावयाची लायकी कळली असती. ती म्हणाली, "हो, बरोबर आहे. नियम आहे तसा." आणि शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली.

एस.टी.त तिनं खिडकीची जागा घेतली. अहमदपूर मागं पडलं. चाकूरच्या स्टँडवर बायका घागरी घेऊन उन्हात बसल्या होत्या, टँकर यायचा होता. त्यांच्याकडं बघत ती म्हणाली, "आता सगळं नियमानंच करत जाऊ."

मला वाटलं, राग गिळला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मसुदा काढला, प्रत्येक पानावर सही केली आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिनं तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आम्ही परक्याचा कागद वाचतो तसा. मग माझ्याकडं परत दिला. स्वतंत्र व्यवसायाच्या परवानगीचा अर्ज तिनं त्याच सकाळी पोस्टात टाकला होता.

ती नांदेडला गेली नाही. मला वाटलं होतं जाईल, आणि ते मला चाललंही असतं. बायको माहेरी गेली म्हणून गाव मलाच बिचारा म्हणालं असतं. ती लातुरातच राहिली, त्याच घरात. माझ्या ऑफिसच्या शेजारची खोली, जिथं आम्ही पाण्याची पिंपं ठेवायचो, ती तिनं मोकळी केली आणि तिथं टेबल टाकलं. बोर्ड माझ्याएवढाच. सकाळी दोघं एकाच स्वयंपाकघरात चहा घ्यायचो आणि दोन दारांनी दोन ऑफिसांत जायचो. पाणी आलं की दोन्ही ऑफिसं सोडून एकत्र पिंपं भरायचो. भांडण नव्हतं. घरात कधी नव्हती एवढी शिस्त होती.

पाऊस पडून गेल्यावर, त्याच वर्षी, एका मुलींच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष माझ्याकडं आले. त्यांचं ऑडिट मी पहिल्या वर्षापासून केलं होतं. बराच वेळ पावसापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाले, "सायेब, मुलींची शाळा हाय, तर बाईंचीच सही असावी असं मंडळाचं म्हणणं हाय. तुमी मनावर घेऊ न्हाई." मी म्हणालो, घेत नाही. ते शेजारच्या दाराकडं गेले. भिंत पातळ होती, तिचं "या, बसा" मला ऐकू आलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दुसऱ्याचं ऑडिट आपल्याकडं आलं तर ते घेण्याआधी त्या आधीच्या माणसाला लेखी कळवायचं आणि विचारायचं. तेही रजिस्टर पोस्टानं, पोच येईल असं, म्हणजे उद्या त्याला मला माहीत नव्हतं म्हणता येऊ नये. सांगण्यासवरण्यावर ते चालत नाही.

दोन दिवसांनी पोस्टमन आला. लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच होता. त्यानं तो उलटसुलट करून बघितला.

"सायेब, घरातल्या घरात रजिस्टर?"

"हाव," मी म्हणालो आणि पोचेवर सही केली. शेजारच्या खोलीत तिच्या टाईपरायटरचा आवाज चालूच होता.

पत्र ठरलेल्या नमुन्यातलं होतं, इंग्रजीत, या व्यवसायात सगळे लिहितात तसंच. प्रिय महोदय. अमुक संस्थेनं मला लेखापरीक्षक नेमायचं ठरवलं आहे. ही नेमणूक मी स्वीकारण्याला आपली काही व्यावसायिक हरकत असल्यास कळवावी. आपली विश्वासू. खाली तिची सही. अशी पत्रं मी लोकांना किती लिहिली असतील, आणि त्यातला एक शब्दही कधी लक्ष देऊन वाचला नव्हता.

मी ते दुपारभर समोर ठेवून बसलो. हरकती पुष्कळ होत्या. लग्नापासूनच्या होत्या, पेढ्यांच्या दिवसापासूनच्या होत्या. पण त्यातली व्यावसायिक एकही नव्हती.

संध्याकाळी मी टाईप केलं की हरकत नाही. सही केली आणि पोस्टात जाऊन ते रजिस्टर करून आलो. शेजारच्या खोलीत नेऊन हातात दिलं असतं तर तिनं घेतलं नसतं.